दुर्बिणीतून घेतलेली चित्रे आणि रसग्रहणाचा प्रश्न

१. प्रश्नाची मांडणी

दीर्घिका, ग्रह आणि ताऱ्यांची जन्मस्थाने असलेले तेजोमेघ यांची दुर्बिणीतून घेतलेली चित्रे आज जितक्या लोकांच्या दृष्टीस पडतात, तितक्या लोकांच्या दृष्टीस खुद्द आकाश पडत असेल की नाही याची शंका वाटते. पुण्यासारख्या शहरात तर दिव्यांच्या उजेडामुळे आकाशगंगेचा पट्टा दिसणे जवळजवळ बंद झाले आहे. पण तिच्यातील एकेका तेजोमेघाचे रंगीत चित्र भिंतीवर, ग्रंथाच्या वेष्टनावर, शाळेच्या फलकावर आणि हातातील यंत्राच्या काचेवर सर्वत्र आढळते. आकाशाची जागा आकाशाच्या चित्राने घेतली आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती होणार नाही.

असे असूनही या चित्रांची समीक्षा म्हणावी अशी मराठीत झालेली नाही. वैज्ञानिक लेखनात ती पुराव्यादाखल येतात आणि नियतकालिकांत शोभेदाखल. चित्रकलेच्या अभ्यासकाला ती विज्ञानाची वाटतात. विज्ञानाच्या अभ्यासकाला त्यांच्या सौंदर्याविषयी बोलणे हे आपले काम वाटत नाही. परिणामी सामान्य प्रेक्षकाच्या हाती दोनच प्रतिक्रिया उरतात. पहिली, ‘केवढे सुंदर!’ ही; आणि दुसरी, ‘पण हे रंग खरे असतात का?’ ही. पहिलीत विचार नाही, आणि दुसरीत विचार आहे तो संशयापाशी येऊन थांबतो. रंग ‘खरे’ नाहीत असे एकदा कळले की पहिला आनंद फसवणुकीचा ठरतो आणि प्रेक्षक त्या चित्राकडे पाठ फिरवतो.

या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या आहेत आणि त्यांच्या पलीकडे एक तिसरी, अधिक समृद्ध रसग्रहणाची वाट आहे, असे दाखवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा केवळ अभिरुचीचा प्रश्न नव्हे. ज्या ज्ञानाची प्रत्यक्ष पडताळणी सामान्य माणसाला कधीच करता येणार नाही, त्या ज्ञानावर त्याने विश्वास कोणत्या आधारावर ठेवावा, हा प्रश्न या चित्रांच्या मुळाशी आहे. विवेचनासाठी उदाहरणे शक्यतो पुण्यातीलच घेतली आहेत. गेल्या सुमारे एकशेचाळीस वर्षांत या शहरात आकाश पाहण्याच्या जितक्या रीती एकत्र आल्या, तितक्या भारतात फार थोड्या ठिकाणी आल्या असतील.

२. चित्रापूर्वीचे आकाश : मृग नक्षत्राचे तीन वाचक

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात पुण्यात तीन विद्वान आकाशाकडे, आणि विशेषतः मृग नक्षत्राकडे, तीन निरनिराळ्या दृष्टींनी पाहत होते. लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. वसंतसंपात मृगशीर्षात होता तो काळ वेदांतील उल्लेखांवरून निश्चित करणे हा त्याचा विषय. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा’ इतिहास १८९६ मध्ये बाहेर पडला. त्यात याच नक्षत्रचक्राचे गणित आणि परंपरा यांचा साक्षेपी शोध आहे. तिसरे विद्वान कावसजी दादाभाई नायगमवाला. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेत, १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. नायगमवाला तिचे प्रमुख होते. तेथील वीस इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी गणली जाई.

या दुर्बिणीला वर्णपटदर्शक जोडून नायगमवालांनी मृगातील तेजोमेघाचा प्रकाश तपासला. तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेघ दिसते. ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याचा अवशेष आहे, असे नॉर्मन लॉकयर या प्रसिद्ध ब्रिटिश शास्त्रज्ञाचे मत होते. ते खरे असते, तर त्या रेघेची एक कडा पुसट दिसायला हवी होती. नायगमवालांना ती सर्व परिस्थितींत रेखीव आढळली आणि लॉकयरच्या मताला त्यांच्या वेधांतून पुष्टी मिळाली नाही. पुढे काही काळ ही रेघ ‘नेब्युलियम’ नावाच्या एका कल्पित मूलद्रव्याच्या नावावर जमा होती. अखेर १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी सिद्ध केले की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. पृथ्वीवरील नेहमीच्या दाबाखाली ती निर्माण होत नाही. अतिविरळ वायूतच ती दिसते.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, या तिघांपैकी कोणाच्याही हाती आजच्या अर्थाने ‘चित्र’ नव्हते. टिळकांपुढे मंत्र होते, दीक्षितांपुढे गणित होते आणि नायगमवालांपुढे एक रेघ होती. मृगाच्या पोटात घुसलेला बाण म्हणून आपण ज्या तीन ताऱ्यांकडे पाहतो, त्यांच्या खालच्या अंगाला असलेला तो अंधुक ठिपका तिघांच्याही कक्षेत होता. पण त्याचे मोल त्याच्या देखणेपणात नव्हते. तो पाहणाऱ्याला काहीतरी सांगत होता, यात होते. छायाचित्राचे तंत्र नायगमवालांना परके नव्हते. २२ जानेवारी १८९८ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे त्यांच्या पथकाने वेध घेतले ते छायाचित्रणाच्या साहाय्यानेच. पण तेथेही छायाचित्र हे मोजमापाचे साधन होते, दर्शनीय वस्तू नव्हे. १९१२ मध्ये ही वेधशाळा बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाइकनालला गेली.

नायगमवालांच्या त्या हिरव्या रेघेचा धागा मात्र आपण सोडून देता कामा नये. आजच्या सर्वांत प्रसिद्ध तेजोमेघचित्रांत ती रेघ आहेच. फक्त ती हिरवी राहिलेली नाही.

३. रंग कसे येतात

हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये गरुड तेजोमेघातील वायू आणि धूळ यांच्या प्रचंड स्तंभांचे जे चित्र घेतले, ते ‘सृष्टीचे स्तंभ’ या अर्थाच्या नावाने जगभर गेले. सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे अंतरावरील हे स्तंभ चित्रात पिवळसर-तपकिरी दिसतात आणि त्यांच्यामागे निळसर-हिरवी प्रभा पसरलेली आहे. हबलच्या संवेदकाला रंग कळत नाहीत; त्याला केवळ उजेडाचे प्रमाण कळते. ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणाऱ्या गाळण्या लावून एकाच दृश्याची कृष्णधवल चित्रे घेतली जातात आणि नंतर प्रत्येक चित्राला एक रंग नेमून देऊन ती एकत्र केली जातात. या चित्रात गंधकाच्या प्रकाशाला तांबडा, हायड्रोजनच्या प्रकाशाला हिरवा आणि ऑक्सिजनच्या प्रकाशाला निळा रंग दिला आहे. म्हणजे नायगमवालांची ५०० नॅनोमीटरच्या आसपासची हिरवी रेघ येथे निळी झाली आहे. आणि हायड्रोजनचा ६५६ नॅनोमीटरचा प्रकाश, जो डोळ्याला तांबडा दिसला असता, तो हिरवा झाला आहे.

ही फसवणूक आहे काय? याचे उत्तर देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गंधकाचा प्रकाश सुमारे ६७२ नॅनोमीटरचा आणि हायड्रोजनचा ६५६ चा. डोळ्याच्या दृष्टीने दोन्ही तांबडेच. ‘खऱ्या’ रंगांत चित्र काढले, तर दोन वेगळ्या मूलद्रव्यांचे वेगळेपण तांबड्याच्या एकाच लाटेत बुडून जाईल. येथे चित्रकाराने सर्वांत लांब तरंगाला तांबडा, मधल्याला हिरवा आणि सर्वांत आखूड तरंगाला निळा रंग दिला, म्हणजे क्रम मोडला नाही; केवळ अंतरे वाढवली. दोन जवळच्या श्रुती कानाला वेगळ्या कळाव्यात म्हणून त्यांच्यामधील अंतर ताणून दाखवावे, तसा हा प्रकार आहे.

संगीताची ही उपमा थोडी पुढे नेण्यासारखी आहे. मानवी डोळ्याला दिसणारा प्रकाश सुमारे ३८० ते ७५० नॅनोमीटरचा, म्हणजे तरंगलांबीचे प्रमाण जेमतेम दुप्पट. संगीताच्या भाषेत सांगायचे तर डोळ्याला प्रकाशाचे अवघे एक सप्तक ऐकू येते. २५ डिसेंबर २०२१ रोजी सोडलेली जेम्स वेब दुर्बीण ०.६ पासून सुमारे २८ मायक्रोमीटरपर्यंतचा प्रकाश घेते. ही जवळजवळ साडेपाच सप्तके झाली. त्यांपैकी बहुतेक स्वर आपल्या कानाच्या पल्ल्याबाहेर आहेत. ते ऐकवायचे तर पट्टी बदलावी लागणार. गायकाने काळी एकऐवजी काळी चारमध्ये यमन गायला म्हणून तो खोटा यमन होत नाही. राग ठरतो तो स्वरांच्या परस्परसंबंधांनी, षड्जाच्या निरपेक्ष उंचीने नव्हे. १२ जुलै २०२२ रोजी प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ७,६०० प्रकाशवर्षांवरील कॅरिना तेजोमेघाच्या कडेच्या चित्रात आखूड अवरक्त तरंगांना निळे आणि लांब तरंगांना तांबडे रंग आहेत, ते याच न्यायाने.

या उपमेची मर्यादाही सांगणे अवश्य आहे. पट्टी बदलली तरी स्वरांतरे कायम राहतात. येथे क्रम राहतो, अंतरे राहतीलच असे नाही. शिवाय रंगाखेरीज उजेडाचाही प्रश्न असतो. तेजोमेघाच्या गाभ्यातील आणि कडेच्या तेजात हजारो पटींचे अंतर असू शकते. ते एका कागदावर मावावे म्हणून अंधुक भाग उजळावे लागतात आणि झगझगीत भाग दाबावे लागतात. चित्र म्हणजे आकाशाचे अनुवादित रूप होय. आणि अनुवादाविषयी आपण ‘खरा की खोटा’ असे विचारीत नाही. ‘एकनिष्ठ आहे की नाही’ असे विचारतो.

४. ज्या चित्राला मूळ दृश्यच नाही

अनुवादाची ही कल्पना किती ताणता येते, याची कसोटी पुणे जिल्ह्यातच आहे. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण ही ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची मिळून झालेली आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून ती उभी राहिली. काही तबकड्या मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या तीन बाहूंवर अशा सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात त्या विखुरल्या आहेत. या दुर्बिणीत प्रतिमा ‘उमटत’ नाही. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी आकाशाच्या रूपाचा एकेक अंश मोजते. पृथ्वी फिरत असल्याने त्या जोड्यांच्या दिशा आकाशाच्या दृष्टीने बदलत जातात आणि आणखी अंश हाती येतात. त्यांतून गणिताने प्रतिमा रचावी लागते, आणि जे अंश मोजलेच गेले नाहीत त्यांच्यामुळे आलेले दोष पुन्हा गणितानेच धुऊन काढावे लागतात.

अशा चित्रात रंग मुळात नसतोच. रेडिओ तरंगांना रंग असणे ही कल्पनाच निरर्थक आहे. म्हणून अनेकदा ही चित्रे केवळ समोच्चरेषांनी काढली जातात. सह्याद्रीतील एखाद्या गडाचा सर्वेक्षण खात्याचा नकाशा ज्याने वाचला आहे, त्याला हे चित्र वाचता येईल. रेषा जेथे दाटतात तेथे तेज झपाट्याने चढते, आणि जेथे विरळ होतात तेथे ते पठारासारखे पसरते. रेडिओ दीर्घिकांच्या अशा नकाशात एक विलक्षण गोष्ट दिसते. दृश्य प्रकाशात जी दीर्घिका मध्यभागी एक लहानसा ठिपका असते, तिच्या दोन्ही बाजूंना लाखो प्रकाशवर्षे पसरलेले दोन प्रचंड पंख रेडिओ तरंगांत प्रकट होतात. कोणताही डोळा, कितीही जवळ गेला तरी, ते पंख पाहू शकणार नाही. ‘प्रत्यक्षात ते कसे दिसते?’ हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो, कारण त्याला ‘दिसणे’ असे काही नाहीच. मग या चित्राला खोटे म्हणायचे काय? उलट, मूळ दृश्य नसतानाही ते काहीतरी नेमके आणि पडताळता येण्याजोगे सांगते, म्हणून ते आपल्या विवेचनात सर्वांत महत्त्वाचे आहे.

५. विस्मय आणि इंद्रजाल

आता या चित्रांचा आस्वाद कोणत्या तत्त्वाने समजून घ्यावा, याचा विचार करू. आपल्या परंपरेत सर्वांत जवळचे उत्तर म्हणजे अद्भुत रस. त्याचा स्थायी भाव विस्मय. परंतु भरतमुनींनी अद्भुताचे जे विभाव सांगितले आहेत त्यांच्याकडे बारकाईने पाहिले तर एक अडचण उभी राहते. दिव्य जनांचे दर्शन हा अद्भुताचा विभाव आहे. विमान हाही आहे. आणि माया व इंद्रजाल हेही आहेत. म्हणजे साक्षात दर्शनाने होणारा विस्मय आणि गारुड्याच्या खेळाने होणारा विस्मय यांत रसाच्या पातळीवर भेद केलेला नाही. नाट्यगृहात तो करण्याची गरजही नाही. पण तेजोमेघाच्या चित्रापुढे उभ्या असलेल्या प्रेक्षकाचा प्रश्न नेमका हाच असतो. आपण जे पाहतो आहोत ते दर्शन की इंद्रजाल? रससिद्धान्त एकटा या प्रश्नाचे उत्तर देऊ शकत नाही.

आधुनिक मराठी सौंदर्यविचाराकडे वळल्यास बा. सी. मर्ढेकर यांचे लयतत्त्व प्रथम आठवते. संवाद, विरोध आणि समतोल या संबंधांनी बांधलेली संवेदनांची संघटना म्हणजे सौंदर्य, अशी त्यांची ‘सौंदर्य आणि साहित्य’ मधील मांडणी. या तत्त्वाने पाहता गरुड तेजोमेघाचे चित्र निःसंशय यशस्वी आहे. स्तंभांच्या गडद उष्ण छटा आणि पार्श्वभूमीची शीतल प्रभा यांचा विरोध, तिन्ही स्तंभांच्या उतरत्या उंचीतील संवाद आणि चौकटीतील समतोल, सर्व काही त्यात आहे. पण हीच रंगसंघटना एखाद्या छापील कापडावर असती, तर लयतत्त्वाच्या दृष्टीने दोहोंत फरक उरला नसता. आपल्याला मात्र फरक जाणवतो. त्या स्तंभाच्या टोकावरील नखाएवढ्या उंचवट्यात आपली सूर्यमाला मावून उरेल, आणि तेथे तारे जन्म घेत आहेत, हे ज्ञान आस्वादातून वजा करता येत नाही. ते वजा केले तर आस्वाद दुसऱ्याच वस्तूचा होतो.

कांटने १७९० च्या आपल्या ग्रंथात उदात्ताचे जे विवेचन केले आहे, ते येथे अधिक उपयोगी पडते. कल्पनाशक्तीला आवाक्यात न येणाऱ्या विशालतेपुढे इंद्रिये हरतात आणि त्या पराभवातच बुद्धीला स्वतःच्या सामर्थ्याची जाणीव होते. पण चित्र ही चौकटीत बसवलेली वस्तू आहे. जे आवाक्याबाहेरचे, ते चौकटीने आवाक्यात आणलेले असते. एलिझाबेथ केसलर या अमेरिकन अभ्यासिकेने २०१२ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, हबलच्या चित्रांची मांडणी एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन पश्चिमेच्या निसर्गचित्रांशी नाते सांगते. वर उजेड, खाली गडद कडे, मध्ये ढगांचे उंच बुरूज, असा तो संकेत. अवकाशात वर आणि खाली नाही. ‘स्तंभ’ उभे आहेत ते चौकट तशी धरली म्हणून. चित्रातील भव्यतेचा काही भाग आकाशाचा आहे आणि काही भाग एका विशिष्ट चित्रपरंपरेचा. हे ओळखल्याने आस्वाद उणावत नाही. कोणाला किती दाद द्यायची, एवढेच त्याने कळते. आषाढात घाटमाथ्यावरून कोकणात उतरणारे ढग ज्याने पाहिले आहेत, तो मराठी प्रेक्षक याच तेजोमेघाची चौकट कदाचित निराळ्या तऱ्हेने धरील.

६. औचित्याची कसोटी

दर्शन आणि इंद्रजाल यांत भेद करणारे तत्त्व आपल्याच परंपरेत, पण रसाहून वेगळ्या ठिकाणी सापडते. क्षेमेंद्राने औचित्याला काव्याचे जीवित मानले. प्रत्येक घटक ज्याला शोभेल त्याच्याशी जोडलेला असावा, हा त्याचा गाभा. दुर्बिणीच्या चित्रापुरते औचित्य असे मांडता येईल : चित्रातील प्रत्येक लक्षणीय भेद वस्तूतील एखाद्या भेदाला जबाबदार असावा, आणि ती जबाबदारी प्रेक्षकाला कळण्याची सोय असावी. या व्याख्येचे दोन्ही भाग महत्त्वाचे आहेत. आणि दोन्हींचा भंग कसा होतो हे ग्रहांच्या चित्रांवरून स्पष्ट होते.

पहिल्या भागाचा भंग मंगळाच्या बाबतीत घडला. १९७६ च्या जुलैमध्ये वायकिंग यान मंगळावर उतरल्यावर जे पहिले रंगीत चित्र प्रसिद्ध झाले, त्यात मंगळाचे आकाश निळसर होते. रंगांचा मेळ पृथ्वीच्या सवयीने घातला गेला होता. लवकरच तो दुरुस्त करण्यात आला आणि धुळीने भरलेले फिकट गुलाबी आकाश पुढे आले. निळे आकाश हे वस्तूतील कोणत्याही भेदाला जबाबदार नव्हते. ते केवळ आपल्या अपेक्षेला जबाबदार होते. एखाद्या लेखकाने परकी व्यक्तिरेखा रंगवताना तिच्या तोंडी आपल्याच घरची भाषा घालावी, तसे ते झाले होते.

दुसऱ्या भागाचा भंग अधिक सूक्ष्म आणि म्हणून अधिक बोधप्रद आहे. व्हॉयेजर २ यान १९८९ मध्ये नेपच्यूनजवळून गेले. त्याची जी चित्रे प्रसिद्ध झाली, त्यांत ढगांचे पट्टे आणि डाग स्पष्ट दिसावेत म्हणून रंगांचा विरोध वाढवलेला होता आणि ग्रह गर्द निळा दिसत होता. रंग वाढवले आहेत हे त्या वेळी चित्राखालील मजकुरात नमूद होते. पुढे चित्र फिरत राहिले आणि मजकूर गळून पडला. नेपच्यून गर्द निळा आणि युरेनस फिकट हिरवट, ही समजूत दोन पिढ्यांच्या मनात पक्की झाली. पॅट्रिक अर्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले की, दोन्ही ग्रहांचा रंग जवळजवळ सारखाच, फिकट हिरवट निळा आहे. नेपच्यून किंचित अधिक निळा, इतकेच.

या घटनेत चित्र करणाऱ्यांचा दोष नाही. त्यांनी औचित्य पाळले होते. ते भंगले चित्र आणि चित्रपरिचय यांची ताटातूट झाल्यामुळे. यावरून एक निष्कर्ष निघतो, आणि तो या लेखाचा मध्यवर्ती मुद्दा समजावा. दुर्बिणीच्या चित्राखालील मजकूर हा चित्राबाहेरचा नसून त्या कलाकृतीचाच घटक आहे. बंदिशीला रागाचे नाव असते आणि ज्याला ते ठाऊक नाही त्याला ती गोड लागूनही अर्धीच कळते. येथे तर मजकूर वगळल्यास अर्धे कळण्याऐवजी उलटेच कळण्याचा धोका आहे. ज्या संपादकाने, ग्रंथकाराने वा अध्यापकाने असे चित्र मजकुराविना छापले किंवा दाखवले, त्याने कवितेतील क्रियापदे गाळून ती छापल्यासारखेच झाले.

याच संदर्भात परिभाषेचा एक दोषही नोंदवला पाहिजे. नेमून दिलेल्या रंगांसाठी इंग्रजीत रूढ असलेल्या शब्दाचे शब्दशः भाषांतर करून मराठीत ‘खोटे रंग’ किंवा ‘मिथ्या रंग’ म्हटले जाते. या एका विशेषणाने वाचकाच्या मनात फिर्यादच दाखल होते. नकाशात समुद्र निळा आणि पठार तपकिरी रंगवतात, त्याला आपण खोटा नकाशा म्हणत नाही. ‘संकेतरंग’ हा शब्द अधिक न्याय्य होईल. कारण संकेत म्हटले की तो कोणाचा, कशासाठी आणि कोणत्या नियमाने, हे विचारण्याची बुद्धी आपोआप होते. जयंत नारळीकरांच्या पिढीने मराठीला खगोलशास्त्राचे गद्य दिले. २० मे २०२५ रोजी ते निवर्तले. त्या गद्याला शोभेल अशी चित्रांची परिभाषा घडवणे हे आता भाषेच्या आणि विज्ञानाच्या अभ्यासकांचे संयुक्त काम आहे.

७. सरस्वती आणि अलकनंदा

औचित्याची ही कसोटी मान्य केली की, ‘सुंदर चित्र’ आणि ‘थोर चित्र’ यांतील भेदही स्पष्ट होतो. पुण्याशी संबंधित दोन शोधांवरून तो दाखवता येईल.

२०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संस्थांतील खगोलशास्त्रज्ञांनी, जयदीप बागची यांच्या नेतृत्वाखाली, दीर्घिकांच्या एका महासमूहाचा शोध जाहीर केला आणि त्याला ‘सरस्वती’ हे नाव दिले. तो सुमारे चार अब्ज प्रकाशवर्षे दूर असून त्याचा विस्तार सुमारे साठ कोटी प्रकाशवर्षे आहे. या महासमूहाचे ‘छायाचित्र’ असे होऊच शकत नाही. आकाशाच्या त्या भागात एकापुढे एक आलेल्या असंख्य दीर्घिकांपैकी कोणती किती दूर आहे हे मोजून, तिचा बिंदू नकाशावर मांडल्यावरच तो दाट पुंजका प्रकट होतो. भिंतीवर लावण्याजोगे त्यात काही नाही. तरीही ज्याला तो नकाशा वाचता येतो, त्याला त्या बिंदूंच्या गर्दीत जे दिसते त्याचा विस्मय कोणत्याही रंगीत तेजोमेघाहून कमी नाही. गुप्त नदीचे नाव या दृष्टीने फारच समर्पक पडले आहे.

दुसरे उदाहरण २०२५ चे. पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना वेब दुर्बिणीच्या चित्रांत एक सर्पिल दीर्घिका आढळली. विश्वाचे वय अवघे दीड अब्ज वर्षे असतानाची ती आहे, आणि तरीही तिच्या दोन भुजा सुरेख घडलेल्या आहेत. एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखे काम केल्यामुळे ती मोठी आणि स्पष्ट दिसली. तिला ‘अलकनंदा’ हे नाव देण्यात आले. आपल्या आकाशगंगेचे एक नाव मंदाकिनी, आणि अलकनंदा ही तिची भगिनी नदी. जवळच्या सर्पिल दीर्घिकांच्या भव्य चित्रांशेजारी हे चित्र ठेवले तर ते फिके आणि लहान वाटेल. एखादी तांबूस भोवरी, इतकेच. परंतु इतक्या लवकरच्या काळात दीर्घिका अव्यवस्थित आणि वेड्यावाकड्या असाव्यात अशी अपेक्षा होती, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या दृष्टीने त्या दोन भुजांच्या वळणात प्रचलित समजुतीला दिलेले आव्हान आहे. लयतत्त्वाने पाहता या चित्रात फारसे काही नाही. औचित्ययुक्त विस्मयाने पाहता ते आपल्या काळातील थोर चित्रांपैकी एक आहे.

८. समारोप

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. इतके जाणून घेऊन पाहायचे, तर उत्स्फूर्त आनंद कोठे उरला? याला उत्तर असे की, प्रथमदर्शनीचा आनंद नाकारण्याचे काहीच कारण नाही. तो रसग्रहणाचा आरंभ आहे. फक्त त्यालाच शेवट समजू नये. संगीतात ज्याला समेची जाणीव आहे, त्याला तान ऐकताना सुख कमी होत नाही; उलट ती समेवर कशी येते याची उत्कंठा त्याच्या वाट्याला अधिक येते.

तेव्हा यापुढे असे एखादे चित्र समोर आल्यावर अभ्यासकाने चार प्रश्न विचारावेत. हा प्रकाश कोणत्या सप्तकातला? कोणत्या नियमाने त्याला रंग नेमले? चौकट कोणी आणि कशी धरली? आणि ज्याला आपण दाद देत आहोत तो भेद वस्तूत आहे की केवळ कागदावर? या प्रश्नांची उत्तरे चित्रपरिचयात मिळाली तर चित्र विश्वासास पात्र समजावे. न मिळाली तर कितीही मोहक असले तरी ते इंद्रजालाच्या खाती जमा करावे. ज्या शहरात एका वेधकाराने दुर्बिणीतल्या अंधुक ठिपक्यातून एकच रेघ वेगळी काढली आणि तिची कडा रेखीव आहे की पुसट एवढ्यावरून एका मोठ्या शास्त्रज्ञाचे मत तपासून पाहिले, त्या शहरातील अभ्यासकांना ही शिस्त नवी वाटू नये.